घाटात ट्रेलरचे ड्रम तापतात, गावात झटके बसतात: दोष ब्रेकचा की कंट्रोलरचा?

इंदूरहून खंडवा रोडने निघायचं, सिमरोल मागे टाकून भेरूघाट उतरायचा, बडवाहला चहासाठी थांबलं की ट्रेलरच्या चाकांतून जळका वास. घरी येऊन ब्रेकचा ड्रम उघडला तर शूंवरचं घासणारं लायनिंग काळं ठिक्कर. शू बदलले, मॅग्नेट बदलले, थोडे दिवस बरे गेले, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच वास. हाच ट्रेलर पलासियाच्या गर्दीत मात्र दुसरंच रूप दाखवतो. पेडलवर नुसता पाय टेकला तरी मागून असा हिसका बसतो की शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा शर्टावर.

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हातात बहुधा नव्या शूंचं बिल असतं आणि मिस्त्रीचं निदान ठरलेलं असतं: ‘भिया, ब्रेक चिपक रिया हे.’ चिकटतोय हे खरंच आहे. पण का चिकटतोय ते ड्रम उघडून कळत नाही. माझा अनुभव असा की कारण बरेचदा गाडीच्या डॅशबोर्डखाली सापडतं. कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारी डबी) तरी चुकीच्या जातीचा असतो, किंवा चांगला कंट्रोलर चुकीच्या तारेवर जोडलेला असतो. म्हणून नवे शू आणण्याआधी आणि नवा कंट्रोलर मागवण्याआधी हे वाचा.

ट्रेलरला ब्रेक आहे तो कुठल्या प्रकारचा?

प्रश्न पोरकट वाटेल, पण यावरच पैसे वाया जातात. लग्नाच्या मंडपवाल्यांकडे जनरेटरच्या ज्या ट्रॉल्या असतात त्यांतल्या पुष्कळशा ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. काहींना असतो तो ओव्हररन ब्रेक. ओळखायला सोपा: कपलिंगच्या मागे घड्यांची रबरी टोपी दिसते, तिच्या आतला दांडा मागेपुढे सरकतो आणि त्याला केबल किंवा छोटा मास्टर सिलिंडर जोडलेला असतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर आपल्याच वजनाने पुढे रेटतो, दांडा आत जातो, ब्रेक लागतो. इथे कंट्रोलरचं कामच नाही. कोणी ओव्हररन ट्रेलरसाठी कंट्रोलर विकत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

इलेक्ट्रिक ब्रेकच्या प्रत्येक चाकामागच्या पत्र्यातून दोन तारा बाहेर येतात. आत एका दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, दांडा वळतो आणि शू बाहेर रेटले जातात. करंट नाही तर ब्रेक नाही, करंट जास्त तर ब्रेक जास्त. तो करंट किती द्यायचा हे ठरवणारी डबी म्हणजे कंट्रोलर. तिसरा प्रकार इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक: कंट्रोलर ट्रेलरवरच्या पंपाला इशारा देतो आणि पंप ऑइलने ब्रेक लावतो. त्याला कंट्रोलर लागतो, पण प्रत्येक कंट्रोलर त्या पंपाशी जमवून घेत नाही. डबीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

इंदिरा सागरच्या पाण्यावर हनुवंतियाला बोट नेणाऱ्यांनी इलेक्ट्रिक ब्रेकच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. बोट उतरवताना चाकं पाण्यात जातात, आणि मॅग्नेट, तारा, जोड यांचं पाण्याशी कधीच पटत नाही. तिथे हायड्रॉलिक ओव्हररनच बरा.

ब्रेक लागतोच का, हा प्रश्न वजनाचा. ऑस्ट्रेलियातला नियम अंदाजासाठी सोयीचा आहे: भरलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत असेल तर ब्रेकशिवाय चालतो, त्यापुढे २००० किलोपर्यंत किमान एका अ‍ॅक्सलला ब्रेक हवा, आणि त्याहून जड असेल तर सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय जोड सुटला तर आपोआप लागणारा ब्रेक. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेच मुळात मोटार वाहन आहे आणि त्याची नोंदणी वेगळी होते, हे लक्षात असू द्या. ‘मागे लावलेला डबा आहे, त्याला कोण विचारतं’ हे अपघातानंतर विम्याच्या कचेरीत चालत नाही.

घाटातला वास कुठून येतो

कंट्रोलर मुख्यतः दोन जातींचे. एक टाइम-डिले, दुसरा प्रपोर्शनल. स्वस्तात मिळतो तो पहिला, आणि घाटातल्या वासाचं मूळ बहुधा त्याच्यातच असतं.

टाइम-डिले कंट्रोलरला एवढंच समजतं: ब्रेकचा दिवा लागला की नाही. दिवा लागला की तो ट्रेलरकडे करंट सोडायला लागतो आणि तुम्ही ठरवलेल्या वेळात ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत चढवत नेतो. तुम्ही पेडल किती जोरात दाबलं हे त्याला ठाऊक नसतं, ठाऊक होण्याची सोयही नसते. एलआयजी चौकात समोर अचानक गाय आली म्हणून पाय आदळला काय, किंवा सिग्नल पाहून हळूच टेकवला काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

आता घाट घ्या. उतारावर आपण काय करतो? पेडलवर पाय हलका ठेवून बराच वेळ तसेच उतरतो. गाडीचे स्वतःचे ब्रेक जेमतेम लागलेले असतात. पण दिवा तर लागलेलाच आहे, त्यामुळे कंट्रोलर एक-दोन सेकंदांत कमाल मर्यादेला पोचतो आणि तिथेच बसतो. म्हणजे अख्ख्या गाडीचं आणि ट्रेलरचं वजन ट्रेलरचे दोन छोटे ड्रम एकटे अडवत उतरतात. लायनिंग जळणार नाही तर काय होणार? शू कितीही भारी बसवा, पुढच्या घाटात तेही जळतील. आणि तापलेलं लायनिंग पकड सोडतं, त्यामुळे शेवटच्या वळणावर नेमका ब्रेक हवा तेव्हा ट्रेलर ढकलायला लागतो. मानपूरच्या पुढे गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होतात त्यामागचं शास्त्रही हेच आहे, फक्त वजनं मोठी.

गावातला झटका त्याच कारणाचं दुसरं टोक. घाटात ट्रेलर ढकलतो म्हणून मालक कमाल मर्यादा वाढवून ठेवतो. मग सिग्नलला हलका पाय ठेवला तरी ट्रेलर पूर्ण ताकदीने धरतो. झटका बसतो म्हणून मर्यादा कमी केली की घाटात पुन्हा ढकलणं सुरू. या झोक्यातून टाइम-डिलेमध्ये सुटका नाही, कारण एकच आकडा दोन्ही ठिकाणी बरोबर असू शकत नाही.

प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये वेगातली घट मोजणारा सेन्सर असतो. गाडी जितकी जोरात मंदावते तितकाच करंट तो मागे पाठवतो. घाटात हलका पाय असेल तर ट्रेलरलाही हलकाच ब्रेक, पाय आदळला तर मागेही तसाच. जुन्या मॉडेलमध्ये यासाठी लंबक असायचा, आताच्यांत अ‍ॅक्सेलरोमीटर.

पण नवा मागवण्याआधी हे तपासा

ट्रेलर चिकटतो याची याहून साधी कारणंही असतात, आणि त्यांतलं एखादं राहून गेलं तर सर्वांत महागडा प्रपोर्शनल कंट्रोलरसुद्धा तसाच वागेल.

ब्रेकचा दिवा पहिला. पेडलखालचा स्विच जरा सरकलेला असेल तर पाय काढल्यावरही दिवा पेटत राहतो. दिवसा दिसत नाही. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा आणि पाय काढून मागे पाहा. भिंतीवर लाल उजेड असेल तर टाइम-डिले कंट्रोलर इंदूरपासून महेश्वरपर्यंत सतत ब्रेक लावून बसलेला असतो.

दुसरं कारण आपल्याकडे खास सापडतं, आणि मिस्त्री त्याने हैराण होतात: दिवसा सगळं ठीक, रात्री हेडलाइट लावले की ट्रेलर जाम. गोल सात पिनांचा सॉकेट सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्याची जोडणी सारखी नसते. युरोपच्या पद्धतीत, म्हणजे आयएसओ १७२४ मध्ये, पाचव्या पिनवर उजवा टेल लॅम्प असतो. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत त्याच पाचव्या पिनवर इलेक्ट्रिक ब्रेकची निळी तार येते. गाडीचा सॉकेट एका पद्धतीने भरलेला आणि ट्रेलर दुसऱ्या पद्धतीचा, की दिवे लावल्याबरोबर टेल लॅम्पचे सरळ १२ व्होल्ट मॅग्नेटला मिळतात. मग एक तर टेल लॅम्पचा फ्यूज उडतो किंवा ट्रेलर रस्त्यावर खिळतो. फ्यूज उडाला म्हणून कोणी मोठा फ्यूज घातला असेल तर तो आधी काढा, नाही तर वायरिंग जळताना पाहावं लागेल. उपाय सोपा: सॉकेट उघडा, मीटर लावा, प्रत्येक पिनवर काय येतं ते कागदावर लिहा आणि ट्रेलरच्या प्लगशी ताडून बघा. तारेच्या रंगावर भरवसा ठेवू नका, सियागंजच्या दुकानात ज्या रंगाची तार उरली होती ती लावलेली असते.

तिसरं, सुटल्यावर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच. त्याची पिन अर्धवट निघालेली असेल तर ट्रेलरवरची बॅटरी मॅग्नेटला करंट देत राहते. ट्रेलर गाडीपासून सोडा, प्लग काढा, चाक हाताने फिरवा. प्लग काढूनही चाक जड असेल तर कंट्रोलर निर्दोष. मग संशय ब्रेकअवेवर, किंवा ड्रमच्या आतल्या घट्ट केलेल्या शूंवर. शूंचं अ‍ॅडजस्टमेंट चाक घासेपर्यंत घट्ट करून मग इतकं सैल करायचं असतं की चाक मोकळं फिरेल आणि लायनिंगचा अगदी हलका स्पर्श जाणवेल.

आता उलटी तक्रार: ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही. यात मला सर्वाधिक वेळा अर्थिंगचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या जोडणीचा, दोष सापडतो. ट्रेलरच्या चासीवर रंगावरून स्क्रू मारून अर्थ दिलेला असतो, पावसाळ्यात तो गंजतो, करंटला परत यायला रस्ता उरत नाही. कंट्रोलरची पांढरी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, आणि ट्रेलरचा अर्थ हुकच्या बॉलवर सोडून देऊ नका, त्यासाठी वेगळी जाड तार ओढा.

तारेची जाडी हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, म्हणून हिशोबच मांडतो. दहा किंवा बारा इंची ड्रमचा मॅग्नेट पूर्ण करंटवर साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे दोन चाकांना ६ आणि चार चाकांना १२. गाडीच्या पुढून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंत ८ मीटर धरले तर जाऊन-येऊन १६ मीटर तार होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ६ अँपिअरला वाटेतच एक व्होल्टच्या वर घट होते, चार ब्रेक असतील तर दोन व्होल्टच्या वर. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ६ अँपिअरला ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. घरातल्या दिव्यांची तार जोडून ‘ब्रेक कमजोर आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर विसरू नका: चार ब्रेकपर्यंत २० अँपिअर, सहा-आठ ब्रेकना ३०.

मॅग्नेट तपासायला मीटर ओहमवर ठेवा. एका मॅग्नेटला साधारण ३ ते ४ ओहम दिसायला हवेत, दोन मॅग्नेट समांतर असतील तर त्याच्या निम्मे. इतक्या छोट्या आकड्यात मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रोधही मिसळतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा आणि दिसेल तो आकडा वजा करा. मॅग्नेटची तार आणि त्याचं लोखंडी अंग यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. दिसलं तर तो आतून शॉर्ट आहे.

करंट मोजायला क्लँप मीटर लागतो, पण तो डीसी मोजणारा हवा. स्वस्त क्लँप मीटर बहुधा फक्त एसी मोजतात आणि शून्य दाखवतात, त्यावरून कंट्रोलर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. शिवाय कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यांत, पल्सने सोडतो, त्यामुळे मधल्या सेटिंगला साध्या मीटरवरचा व्होल्टेज फसवा असतो. गेन (ट्रेलरला किती जोराचा ब्रेक द्यायचा ती कंट्रोलरची सेटिंग) पूर्ण वाढवून हाताचा लिव्हर (पेडलशिवाय फक्त ट्रेलरचा ब्रेक लावणारा) शेवटपर्यंत ओढा आणि मग मोजा. दोन मॅग्नेटना सहाच्या आसपास दिसलं तर तारा आणि मॅग्नेट ठीक. तीन दिसलं तर एक चाक करंटविना आहे.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. प्रपोर्शनल कंट्रोलर बसवून मिस्त्री उभ्या गाडीत पेडल दाबतो, मागे मीटर लावतो, जवळजवळ काहीच येत नाही, आणि जाहीर करतो की माल खराब आहे. अहो, गाडी उभी आहे, वेगातली घट शून्य आहे, तो करंट कशाच्या आधारावर देणार? उभ्या गाडीत फक्त हाताचा लिव्हर तपासायचा. पेडलची परीक्षा रस्त्यावरच.

तर कुठला घ्यावा?

राजेंद्रनगरहून विजयनगरला केटरिंगचा हलका ट्रेलर नेणारे आणि घाटाकडे कधी न फिरकणारे असाल, तर टाइम-डिलेने काम भागेल. कमाल मर्यादा कमी ठेवा आणि वेळेची ओढ थोडी लांबवा. पण ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू यांपैकी कुठेही जाणार असाल तर सरळ प्रपोर्शनल. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, मान्य. मात्र घाटामुळे दोनदा शू आणि मॅग्नेट बदलले की तो फरक उरत नाही.

प्रपोर्शनलमध्येही बसवण्याची पद्धत पाहून निवडा. टेकॉन्शा पी३ सारखा डबीवाला कंट्रोलर गाडीच्या प्रवासाच्या दिशेला समांतर, घट्ट बसवावा लागतो. तिरका, आडवा किंवा डबल टेपवर डुगडुगता बसवला तर त्याचा सेन्सर खड्ड्यालाही ब्रेक समजतो. आपल्या रस्त्यांवर हे विसरून चालणार नाही. रेडार्क टो-प्रो एलिट याचं मुख्य अंग डॅशबोर्डमागे कुठल्याही कोनात बसतं, दिशा ते चालताना स्वतः शिकतं, आणि समोर फक्त एक गोल बटण दिसतं. त्यामुळे पहिल्या काही ब्रेकांमध्ये वागणूक बरोबर वाटली नाही तर घाबरू नका, त्याला शिकायला मोकळा रस्ता द्या. त्यात हाताने ठरवलेला ब्रेक देणारा दुसरा मोडही आहे, कच्च्या रस्त्याला उपयोगी. तो मोड घाटात चालू राहिला तर मात्र टाइम-डिलेसारखीच गत होते.

कोणताही घ्या, हाताचा लिव्हर किंवा बटण हवंच. ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला तर पेडल न दाबता फक्त ट्रेलरला हलका ब्रेक देता आला पाहिजे. त्यासाठी हात आपोआप जाईल अशा जागी ते बसवा, स्टिअरिंगच्या पलीकडे कोपऱ्यात नको.

तारा चारच: काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पांढरी निगेटिव्हला, लाल ब्रेकच्या दिव्याच्या त्या बाजूला जिथे पेडल दाबल्यावरच करंट येतो, निळी मागे ट्रेलरच्या ब्रेकला. नव्या गाड्यांत ब्रेकचे दिवे कॉम्प्युटरमार्फत लागतात. तिथे लाल तार कुठे जोडायची ते गाडीची वायरिंग आकृती पाहूनच ठरवा. तार सोलून बघण्याचा प्रयोग महाग पडतो.

सेटिंग

नवे शू असतील तर आधी त्यांना रुळू द्या: ६५ च्या वेगावरून ३० पर्यंत, वीस-तीस वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. मग कोरड्या, सपाट, मोकळ्या डांबरी रस्त्यावर, ट्रेलर नेहमीच्या वजनाने भरून, ताशी ४० च्या आसपास चाला आणि फक्त हाताचा लिव्हर पूर्ण ओढा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन टायर किंचाळले तर गेन कमी करा. गाडी मंदावलीच नाही तर वाढवा. लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबलात की झालं. सुपर कॉरिडॉरवर पहाटे हे करता येतं, दिवसा नको.

हा आकडा भरलेल्या ट्रेलरचा. जनरेटर उतरवून रिकामे परतताना गेन कमी करायलाच हवा, प्रपोर्शनल असला तरी. नाही तर हलकी चाकं लॉक होतात आणि टायरवर चपटे डाग पडतात. दोन्ही आकडे डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ड्रायव्हर बदलला तरी पट्टी बदलत नाही.

उतार उतरताना चढताना लागतो तोच किंवा त्याहून खालचा गिअर, आणि पाय पेडलवर चिकटवून न ठेवता ठाम दाबून वेग कमी करायचा आणि मोकळा सोडायचा. खाली उतरल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंचे ड्रम पाहा. हात लावू नका. एकच ड्रम खूप गरम असेल तर त्या चाकाचं अ‍ॅडजस्टमेंट किंवा बेअरिंग बघा. दोन्ही सारखेच जास्त गरम असतील तर गेन जास्त आहे किंवा कंट्रोलर चुकीचा आहे. दोन्ही थंडच असतील आणि गाडीच्या पुढच्या चाकांना वास येत असेल, तर ट्रेलरपर्यंत करंटच पोचत नाही. मग वरचं अर्थचं आणि तारेचं काम पुन्हा करायचं.

ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला एवढं विचाराच: १२ व्होल्टचा की २४ चाही चालतो (थार, स्कॉर्पिओ, व्ही-क्रॉस १२ च्या, मोठे ट्रक बहुतेक २४ चे), किती ब्रेकना पुरतो, टाइम-डिले की प्रपोर्शनल, कुठल्या कोनात बसवायचा, आणि ट्रेलरचा पंप हायड्रॉलिक असेल तर जमतो का. ‘सबमें लग जाता हे’ असं उत्तर आलं तर ऑर्डर रद्द करा.